वरच्या दिव्याचा मान

“दोर एकदम सोडू नका रं! दगड हाय त्यो, कडब्याची पेंढी न्हाई!”

भागुबाईने खालून दरडावले तसा दीपमाळेचा सगळ्यात वरचा दगड हवेत डुलता डुलता थांबला आणि मग हलके हलके खाली टेकला. उसाच्या ट्रकांना रस्ता पुरेना, म्हणून खंडोबापुढची जुनी दीपमाळ उतरवून दहा हात आत पुन्हा उभी करायची होती. गवंडी तात्याबा आकड्यांपुरताच शिकलेला. प्रत्येक दगडावर तो ऑइलपेंटने नंबर घालत होता. वरच्या दगडाला एक नंबर. चंपाषष्ठीचा पहिला दिवा त्याच दगडावर लागे, आणि तो दिवा द्यायचा मान भागुबाईच्या पाटील घराण्याचा.

“एकच नंबर घातलास, बरं केलंस,” ती म्हणाली. “दुसरा घातला असतास तर ब्रशच मोडला असता.”

गड्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन धनगरवाड्यातली साखरबाई आली होती. ती म्हणाली,

“पाटलीणबाई, वरचा दगड आमच्या येमाजीबुवानं आणल्याला. घोड्यावर घालून, जेजुरीवनं.”

“मागल्या साली बैल व्हता. औंदा घोडा झाला व्हय?”

गडी हसले. साखरबाईही हसली, पण कळशी तिने जरा आपटूनच ठेवली.

माणसे जेवायला गेली. भागुबाई पदराने दगड पुसायला वाकली. तो पालथा टेकला होता. सांध्यातला जुना चुना निखळला होता आणि त्याखाली काहीतरी कोरलेले दिसत होते. तिची शाळा दुसरीत सुटलेली. तिने नखाने चुना खरवडला आणि जोडाक्षरे ओलांडत, एकेका अक्षरावर बोट ठेवत ती वाचू लागली. ये. मा. जी. मग पुढचे. में. ढ. का. मेंढका, म्हणजे मेंढरे राखणारा धनगर.

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग देवळाकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, कोपऱ्यातले गोणपाट ओढून दगडावर टाकले आणि त्यावर बसली.

त्यानंतर पंधरा दिवस ती रोज तिथे येऊन बसे. बसवत मात्र नसे. उठे, चार पावले टाके, कुणी जवळ आले की परत दगड गाठे. मानाचा दगड राखते म्हातारी, असे गाव म्हणे. साखरबाई येता-जाता विचारी, “अंडी उबवताय का काय?” एरवी भागुबाईने तिला वेशीपर्यंत पोचवले असते. आता ती नुसते पाय पोटाशी घेई.

शेवटी वरच्या दगडाची पाळी आली. तात्याबाने विचारले,

“कसा बसवू, मावशी?”

“व्हता तसाच.” ती म्हणाली, “आन् चुना जरा जास्तीचा घाल.”

चंपाषष्ठीला तिचा मुलगा हनुमंत सणसवाडीच्या कंपनीतून सुट्टी काढून आला. दिवा घासायला त्याने चिंच मागितली.

“ठेव त्यो. आपल्याला सुतक हाय.”

“कुणाचं?”

“दौंडच्या भावकीतलं. तुला न्हाई ठावं.”

“फोन तर न्हाई आला.”

“मरणारा तुला फोन करून मरंल व्हय?”

तिने साखरबाईला बोलावणे धाडले. साखरबाई आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. घरातून भरताचे वांगे भाजल्याचा वास येत होता. सुतकातल्या घरात नैवेद्याचे भरीत कुठून? साखरबाईने चुलीकडे पाहिले, मग भागुबाईकडे.

“आम्हाला चालत न्हाई,” भागुबाई भिंतीकडे बघत म्हणाली. “औंदा दिवा तू दे. तुझ्या पोराला, मल्हारला, माळंवर चढव.”

“आमी? गाव काय म्हणंल?”

“गावाला मी बघती.”

दिवेलागणीला वरचा दिवा लागला. भागुबाईने तो परसातून पाहिला. आत गेली, पुन्हा बाहेर आली. तो जळतच होता.

पुढल्या वर्षी मार्गशीर्ष लागला. भागुबाई ओसरीवर बाजरी निवडत होती. साखरबाई तेलाची बुधली पदराआड धरून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

“पाटलीणबाई,” तिने विचारले, “औंदा कोण गेलं?”

भागुबाईने एक खडा उचलून अंगणात फेकला.

“अजून ठरलं न्हाई.”