चाकांवरची करंजी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. स्वतःच्या बळावर मला अंगणाबाहेरही पडता येत नाही. तरी माझ्या पाठीवर नंबरप्लेट आहे आणि दर दोन वर्षांनी मला तपासणीला उभं राहावं लागतं. इथे जर्मनीत त्या तपासणीला टुफ म्हणतात. दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून मला न्यायचं, एखाद्या तळ्याकाठी उभं करायचं आणि माझ्या पोटात दोघांनी झोपायचं, एवढंच माझं काम. बाजूने पाहिलं तर मी पुढे फुगीर आणि मागे निमुळती दिसते. म्हणून इथले लोक मला थेंब म्हणतात. मला करंजी म्हणणारं माणूस पुढे येईल.

माझा जन्म ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका गावात, एका सुताराच्या कोठारात झाला. हेर कोल्ब, म्हणजे कोल्बसाहेब, यांनी चाळीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांतली कपाटं बनवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला बनवायला घेतलं. बर्चच्या प्लायवूडच्या दोन बाजू कापल्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला, दोन्ही अंगांना एकेक दार बसवलं आणि छताला एक काचेची खिडकी ठेवली. माझं मागचं झाकण वर उचललं की आत ओटा दिसतो. दोन बर्नरची शेगडी, तीन खण, पाण्याचा कॅन. स्वयंपाक करणाऱ्याने बाहेर उभं राहायचं. पाऊस आला तर ते झाकणच त्याचं छप्पर.

सात उन्हाळे मी कोल्ब पतिपत्नींबरोबर हिंडले. उत्तरेच्या समुद्राचे बांध पाहिले, बोडेन सरोवर पाहिलं. कॅम्पिंगच्या तळावर माझ्या शेजारी मोठमोठ्या पांढऱ्या कॅराव्हॅन उभ्या असत. त्यांतली माणसं चपला अडकवून बाहेर येत आणि माझ्याभोवती एक फेरी मारून जात. मुलं माझ्या पत्र्यावर टकटक करत. कौतुक झालं की मला बरं वाटे, हे मी नाकारत नाही.

पण माझ्या आत शिरायचं तर गुडघे टेकून रांगावं लागतं. कोल्ब यांचे गुडघे गेले. त्यांच्या पत्नी, फ्राऊ कोल्ब, म्हणाल्या, "मी यापुढे हॉटेलात झोपणार. तुला वाटलं तर तूही ये." विषय तिथेच संपला. मी विक्रीला निघाले.

मला पाहायला आलेला पहिला माणूस एकटाच आला होता. चार वर्षांपूर्वीचा सप्टेंबर होता. साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ. वाहनांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, असं त्यांनी सांगितलं. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती. वरच्या रेघेला टांगल्यासारखी दिसणारी अक्षरं ते तिच्यात लिहीत. त्यांनी माझ्या टायरवरचा आकडा वाचला. झाकणाचं रबर बोटाने दाबत दाबत पूर्ण फेरी घेतली. छताच्या खिडकीवर बादलीभर पाणी ओतलं आणि आत कोरड्या रुमालाने चाचपून पाहिलं. मग त्यांनी बूट काढले, दाराबाहेर जोडीने, टाचा माझ्याकडे करून ठेवले आणि आत येऊन पडले. आधी उजव्या अंगाला, दोन मिनिटं. नंतर डावीकडे सरकले आणि तिथे डोळे मिटून बराच वेळ राहिले. एकदा हात वर करून छत किती दूर आहे ते पाहिलं. घाटातून एक ट्रक गेला, तेव्हा डोळे उघडले.

बाहेर येऊन ते कोल्बना म्हणाले, "काम फार चोख आहे. पण नको."

"का?" कोल्बनी विचारलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. मित्रांनो, दोष सापडला म्हणून नाकारलं तर कळतं. दोष न सापडता नाकारलं, ते माझ्या डोक्यात राहिलं.

त्यानंतर कोणी फारसं आलं नाही. माझ्यावर प्लास्टिकची ताडपत्री पडली. ताडपत्री पाऊस बाहेर ठेवते, तशी ओलही आत ठेवते. माझ्या मागच्या उजव्या कोपऱ्यात लाकूड काळं पडू लागलं. एका खणात उंदरांनी संसार थाटला. मग या वर्षी कोल्बनी कोठार विकलं. एप्रिल संपायच्या आत ते रिकामं करायचं होतं. त्यांचा पुतण्या येऊन मला पाहून गेला. माझ्या चाकांचा सांगाडा त्याला सरपण वाहायला हवा होता. वरचं लाकूड तो शेकोटीत घालणार होता. कोल्ब त्याला म्हणाले, "तीस तारखेपर्यंत थांब."

सव्वीस तारखेला, शनिवारी दुपारी, दोन बायका आल्या. त्यांचं बोलणं तेव्हा मला कळत नव्हतं. आता मराठी कळतं, म्हणून आठवून, नीट लावून सांगते.

"ह्यांनी नाकारलेली गाडी बघायला मला कशाला आणलंस?" थोरली म्हणाली. त्या मनोरमाबाई. धाकटी त्यांची मुलगी स्वरूपा, वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी.

"बाबांनी अकरा गाड्या पाहिल्या होत्या. दहांवर फुली आहे. हिच्यावर नाही."

"मग घेतली का नाही?"

"आल्झो, हे बघ, ते नंतर बघू. आई, नोव्हेंबरपासून तू रात्र सोफ्यावर बसून काढतेस."

"झोपते गं मी."

"टीव्ही झोपतो. तू जागी असतेस. डॉक्टरांनी काय सांगितलंय? जागा बदला, बाहेर पडा. एश्बॉर्नच्या त्या घरातून तू किराण्यापलीकडे पाऊल टाकत नाहीस."

"म्हणून ही? तुला एक गाडी धड मागे घेता येत नाही, दोन कशा घेशील?"

एवढ्यात कोल्बनी ताडपत्री ओढून काढली. मनोरमाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

"अगं, ही तर करंजी," त्या म्हणाल्या. "मुरड घालायची तेवढी राहिलीय."

स्वरूपाने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. ती मी ओळखली. म्हणजे ते गृहस्थ आता येणार नव्हते. त्यांचं नाव विष्णू होतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

स्वरूपाने आयुष्यात असं वाहन कधी घेतलं नव्हतं. ती वहीतला एकेक मुद्दा वाचे आणि तेवढंच तपासे. टायरवरचा आकडा वाचून म्हणाली, "नऊ वर्षं झाली. बदलावे लागतील." कोल्ब म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. ते मीच सांगणार होतो." ओल मोजायचं छोटं यंत्र तिने माझ्या चारही कोपऱ्यांना टेकवलं. मागे उजवीकडे ते किंचाळलं. कोल्बनी मान खाली घातली. सुताराला ते लागणारच. "एवढा तुकडा मी कापून नवा बसवून देईन," ते म्हणाले. स्वरूपा विचारात पडली. तिने फोनवर आणखी एक गाडी पाहून ठेवली होती. नवीकोरी, हीटरवाली, आत उभं राहता येईल अशी.

"आणि संडास?" मनोरमाबाईंनी विचारलं.

कोल्बनी झाकणवाल्या बादलीकडे बोट दाखवलं.

"स्वरू, ह्या माणसाला सांग, मी पासष्ट वर्षांची आहे."

स्वरूपाने सांगितलं. कोल्ब गंभीरपणे म्हणाले, "माझी बायको छप्पन्न वर्षांची होती तेव्हा हेच म्हणाली होती. तळावर व्यवस्थित बाथरूम असतात. बादली फक्त घाईसाठी."

मनोरमाबाई हसल्या नाहीत, पण ओठ मुडपले.

"एकच मुद्दा उरला," स्वरूपा वहीकडे न पाहता म्हणाली. "लांबी. आई, जरा आत आडवी होऊन बघ. पाय पुरतात का ते."

"तू बघ की."

"मी घरातली उंच. मला कळणार नाही."

हे कारण काही खरं नव्हतं. उंच माणसालाच लांबी आधी कळते. पण मनोरमाबाईंना वाद घालायचा कंटाळा आला असावा. त्यांनी बूट काढले आणि दाराबाहेर जोडीने, टाचा माझ्याकडे करून ठेवले. कोल्बनी त्या बुटांकडे पाहिलं, मग स्वरूपाकडे. त्यांनाही ती वही आणि तो सप्टेंबर आठवला असणार.

मनोरमाबाई रांगत आत आल्या, "देवा रे" म्हणाल्या आणि डाव्या अंगाला पडल्या. छताच्या खिडकीतून चेरीच्या झाडाची एक फांदी दिसत होती. "पुरतात पाय," त्या आतून म्हणाल्या. "उशी वाईट आहे." मग काहीतरी पुटपुटल्या, ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. घाटातून एक ट्रक गेला. त्या हलल्या नाहीत.

पाच मिनिटांनी स्वरूपाने दारातून डोकावलं. मनोरमाबाई कुशीवर वळल्या होत्या. एक हात उजवीकडच्या रिकाम्या गादीवर पडला होता. तोंड किंचित उघडं होतं आणि त्या घोरत होत्या.

स्वरूपाने दार लोटलं, पण कडी लावली नाही. कोल्बनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का त्यांना?"

"झोपली आहे," स्वरूपा म्हणाली. "तुम्हाला घाई आहे का?"

"मला तीस तारखेपर्यंत वेळ आहे," कोल्ब म्हणाले. त्यांनी दोन स्टुलं आणली, थर्मासमधली कॉफी ओतली आणि जरा लांब जाऊन बसले. पुतण्या ट्रॅक्टर घेऊन अंगणात शिरत होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं आणि इंजिन बंद करायला लावलं. त्यानंतर दोन तास अंगणात कोणी मोठ्याने बोललं नाही. स्वरूपा वहीचं एकच पान उघडून बसली होती.

मनोरमाबाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन माझ्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. त्या दारात पाय खाली सोडून बसल्या. गालावर उशीच्या शिवणीची रेघ उठली होती.

"उठवायचं नाही का? परक्याच्या दारात घोरत पडले."

स्वरूपाने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. मनोरमाबाईंनी चष्मा शोधला आणि मोठ्याने वाचलं, म्हणून ते मलाही मिळालं.

"काम उत्तम. ओल नाही. वजन योग्य. छत फार जवळ. घाटातला ट्रक ऐकू येतो. मनोरमाला यात झोप लागणार नाही. सोडून द्यावी."

मित्रांनो, चार वर्षं मी माझ्यात दोष शोधत होते. ते गृहस्थ डाव्या अंगाला, मनोरमाबाईंच्या बाजूला, पडले होते ते स्वतःसाठी नव्हतं.

मनोरमाबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली.

"मला विचारायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं हेच. माझ्यासाठी स्वतःच ठरवायचं आणि मोकळं व्हायचं. मला तिखट सोसत नाही, मला थंडी सोसत नाही, मला अमुक जागी झोप लागत नाही. एकदा तोंडाने विचारलं असतं तर..."

त्यांनी चष्मा नाकावर नीट सारला.

"पेन आहे का गं?"

स्वरूपाने दिलं. मनोरमाबाईंनी नवऱ्याची ओळ खोडली नाही. तिच्याखाली थोडी जागा होती, तिथे त्यांनी एकच शब्द लिहिला आणि वही मिटून मुलीला परत दिली. स्वरूपाने उघडून पाहिली.

लिहिलं होतं, "लागली."

अशी मी विकली गेले. कोल्बनी कोपऱ्याचा तुकडा बदलला, नवे टायर बसवून मला टुफला नेलं आणि तीस तारखेला सकाळी मी त्या अंगणातून बाहेर पडले. पुतण्याने हात हलवला. सरपणासाठी त्याला दुसरं काहीतरी मिळालं असेल.

पहिल्याच प्रवासात आमची फजिती झाली. मागे ओटा आहे म्हटल्यावर मनोरमाबाईंनी तिथे घरचं स्वयंपाकघर भरलं. दहा किलो तांदूळ, मोठा कुकर, पोळपाट आणि दगडी खलबत्ता. महामार्गावर गाडीने जरा वेग घेतला आणि माझं शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागलं. स्वरूपाने हळूहळू वेग कमी करत मला एका थांब्यावर नेलं. वहीत त्यावरही एक पान निघालं. मागे भार जास्त झाला की पुढचा जोड उचलला जातो. जड वस्तू चाकांच्या वर ठेवाव्यात.

"हे आधी नाही का वाचायचं?" मनोरमाबाई म्हणाल्या.

"खलबत्ता कोण आणतं कॅम्पिंगला?"

"ज्याला चटणी लागते ते."

खलबत्ता आता चाकांच्या वर, गादीखाली असतो. आम्ही नेकार नदीच्या काठी जाऊन आलो, दोनदा. मनोरमाबाई डावीकडे झोपतात. उजवीकडे स्वरूपा. घरी ती बाजू विष्णूंची, म्हणून पहिल्या रात्री स्वरूपा तिथे बिचकतच पडली. दुसऱ्या वेळी मनोरमाबाईंनीच तिकडची उशी झटकून ठेवली.

एवढंच माझं आयुष्य. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी गाडी तुमच्या घरी आली, तर तिच्या झाकणाचं रबर दर वसंतात पुसा. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून विसरू नका. तिला वारा लागतो. आणि ती घ्यायला जाल तेव्हा टायर बघा, ओल बघा, वजन बघा, सगळं वहीत लिहा. पण तिच्यात ज्याला झोपायचं आहे, त्याला बरोबर न्या. त्याला बूट काढून आत पडू द्या. तुम्ही बाहेर थांबा, आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.