पाचव्या सेटची चिठ्ठी

ऑक्टोबरमध्ये पहिली चिठ्ठी चुकली तेव्हा फाल्को म्हणाला, "माझी चूक. मीच एगबर्टला उलटा क्रम सांगितला."

खोटं होतं ते. धडधडीत खोटं. पण फाल्को नाउमन म्हणजे वाइसबाखच्या व्हॉलीबॉल संघाचा कप्तान, पस्तिशीला आलेला, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा माणूस खोटं बोलेल हे कुणाच्या मनात तरी येईल का? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय तिथंच मिटला.

चिठ्ठी ती केवढी, तळहातात मावणारी. प्रत्येक सेटच्या आधी तिच्यावरच्या सहा चौकोनांत सहा आकडे भरायचे, कोण कुठे उभा राहणार त्याचे. खाली सही करायची आणि दुसऱ्या पंचाच्या हातात द्यायची. एकदा दिली की ब्रह्मलिखितच. पंच ती हातात धरून एकेकाच्या पाठीवरचा आकडा ताडून बघतो, आणि कुणी भलत्या जागी उभा असला तर कागद सांगेल तिथे त्याला पाठवतो. मग तुम्ही कितीही बोंबला.

वाइसबाखमध्ये ही चिठ्ठी तीस वर्षं एकाच माणसानं लिहिली. एगबर्ट क्लिंगर. प्रशिक्षक आले नि गेले, काचेचा कारखाना बंद पडला, अहो, पूर्व जर्मनी जाऊन देशसुद्धा बदलला, पण चिठ्ठी एगबर्टचीच राहिली. प्रशिक्षकानं कानात सांगायचं आणि एगबर्टनं गुडघ्यावर वही ठेवून लिहायचं, अशी तिथली रीत. नावाला तो सहायक प्रशिक्षक. फाल्कोला उडी कशी मारायची ते त्यानंच शिकवलेलं. बायको हानेलोरे दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. सकाळी उठून जायला त्याला जगात एकच जागा उरली होती, संघाच्या बाकाचं डावीकडचं टोक.

त्या दिवशी परतताना बसमध्ये फाल्को त्याच्या शेजारी जाऊन बसला. बाकीचे झोपलेले.

"खोटं कशाला बोललास?" एगबर्टनं विचारलं.

"मग काय करू? तू तीन वर्षांपूर्वीच्या संघाचा क्रम लिहून दिलास, म्हाताऱ्या."

"सहाही आकडे डोळ्यांपुढे होते रे. लिहायला गेलो आणि हात भलतीकडेच गेला."

"कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून. डॉक्टरनं नावसुद्धा सांगितलंय त्या रोगाचं." एगबर्ट थांबला. "काय नाव ते विचारू नकोस. विसरलो."

आणि स्वतःच्याच विनोदावर तो खुदूखुदू हसला. फाल्कोला काही हसू आलं नाही. 

"एवढा एक मोसम," एगबर्ट म्हणाला. "एप्रिलपर्यंत बसू दे मला बाकावर. मग माझा मी जाईन. कुणी हात धरून बाहेर काढायला नको, एवढंच."

"बसशील," फाल्को म्हणाला. "मी बघतो."

शब्द दिला तो दिला.

मग दोघांची एक पद्धत बसली. योर्न, म्हणजे त्यांचा प्रशिक्षक, आकडे सांगून वळला की फाल्को पाणी प्यायला म्हणून एगबर्टपाशी जायचा. बाटली तोंडाला आणि नजर चिठ्ठीवर. बरोबर असली तर काही नाही. चुकली असली तर चुकलेल्या चौकोनावर बोट टेकवायचं, की एगबर्ट निमूटपणे नवा कागद घ्यायचा. नोव्हेंबरात हे दोनदाच करावं लागलं. डिसेंबरात एकदा फाल्कोच्या बोटाला पट्टी बांधणं चाललं होतं, तेवढ्यात चिठ्ठी गेली आणि चुकीचीच गेली. संघ तो सेट हरला.

"माझी चूक," फाल्को म्हणाला.

"कप्तान, तुला आकडे येत नाहीत काय?" रादिम ओरडला. रादिम झेक, संघातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ. "माझ्या मुलीला पाठवू का शिकवायला? पहिलीत आहे ती. शंभरपर्यंत येतात तिला."

सगळे खो खो हसले. योर्न मात्र हसला नाही. त्यानं फाल्कोला बोळात गाठलं.

"किती दिवस झाकणार आहेस?"

"काय झाकतोय?"

"मला आंधळा समजतोस का? अरे, मलाही तो हवाच आहे. पण आपण तळाला आहोत आणि बारा जणांची घरं या खेळावर चालतात. आणखी एक चिठ्ठी चुकू दे, वही माझ्याकडे आणि एगबर्ट प्रेक्षकांत. मग तू कितीही छाती पुढे काढ."

त्या दिवसापासून फाल्कोच्या डोक्याला घोर लागला. घरी बटाटे आणि जवसाच्या तेलातलं दही समोर असायचं आणि हा काट्यानं ताटात सहा चौकोन काढत बसायचा. बायको उल्रिके म्हणायची, "अहो महाराज, जेवा. बटाट्यांना नंबर नसतात." सामन्यात उडी मारतानाही त्याचं अर्धं लक्ष बाकाकडे असायचं. पुढे फेब्रुवारीत सरावानंतर एगबर्ट मैदानाबाहेर स्वतःच्या गाडीला टेकून उभा दिसला. थंडीनं ओठ निळे पडलेले.

"घरी नाही गेलास?"

"गाडी सापडत नाही रे."

फाल्कोनं त्याच्याच खिशातून किल्ली काढली, त्याच्या पाठीमागचंच दार उघडलं आणि त्याला घरी सोडलं. नंतर गाडी रस्त्याकडेला लावून तो रडला, चांगला हमसून. आणि त्या दिवसापासून एगबर्टच्या हातून आलेल्या कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास उरला नाही. त्या माणसाला जपता जपता तो त्याला मोडीत काढून बसला होता. हे काही त्याला तेव्हा कळलं नाही. कुणाला कळतं?

मार्चअखेरीस शेवटचा सामना आला, घरच्याच मैदानावर. जिंकलो तर या गटात राहू, हरलो तर खालच्या. आठशे माणसं कोंबून बसलेली, ढोल बडवणारे बडवतायत, मोहरीच्या चटणीचा आणि सॉसेजचा वास थेट बाकापर्यंत येतोय. पहिला सेट गेला, दुसरा आला, तिसरा गेला, चौथा आला. चारही चिठ्ठ्या फाल्कोनं बघितल्या, चारही बरोबर होत्या. दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि आता पाचवा.

त्या मोसमात वाइसबाख पाचव्या सेटपर्यंत एकदाही पोचलं नव्हतं. हरले तेव्हा त्याच्या आतच हरले आणि जिंकले तेही आतच. आणि पाचव्या सेटला पुन्हा टॉस असतो. टॉसला कप्तानालाच जावं लागतं. ही साधी गोष्ट, पण फाल्कोच्या ध्यानीमनी नव्हती. पंचांनी शिट्टी मारून बोलावलं तेव्हाच ती आठवली.

तो टेबलापाशी गेला. पंचाचं नाणं निसटून टेबलाखाली घरंगळलं, ते शोधण्यात वेळ गेला. फाल्कोचे डोळे बाकाकडे. योर्न एगबर्टसमोर उकिडवा बसून काहीतरी सांगत होता. एगबर्ट मान हलवत लिहीत होता.

"नाउमन, छापा की काटा?"

"काटा."

काटा पडला. त्यानं सर्व्हिस मागितली आणि जवळजवळ धावतच बाक गाठला. एगबर्टनं चिठ्ठी पुढे केली. चेहऱ्यावर समाधान. फाल्कोनं बघितलं, तर सगळं फिरलेलं! चौथ्या सेटला मागे असलेला रादिम पुढे, स्वतः फाल्को मागे, सहाच्या सहा जण दोन दोन घरं सरकलेले.

"अरे देवा," तो पुटपुटला.

दुसरी पंच हात पुढे करून उभी. "चिठ्ठी द्या, चला."

योर्न तीन पावलांवर होता, पाठ करून पोरांना काहीतरी ओरडून सांगत होता. ढोलांच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तीन पावलं हो! खांद्यावर हात ठेवून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण विचारायचं म्हणजे योर्नला कळणार, आणि योर्नला कळलं की एगबर्टचा बाक गेला. फाल्कोनं एगबर्टच्या मांडीवरच्या वहीतून कोरी चिठ्ठी फाडली आणि चौथ्या सेटचा क्रम भराभर लिहून काढला.

"सही कर."

"पण योर्न आत्ताच मला म्हणाला की…"

"एगबर्ट, सही कर. वेळ नाही."

एगबर्टनं त्याच्याकडे पाहिलं. आपल्याला बरोबर आठवतंय याची खात्री तो स्वतःच्या आत शोधत होता, आणि ती काही सापडत नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "तुला माहीत."

त्यानं सही केली. आधीची चिठ्ठी फाल्कोनं चुरगळून बाकाखालच्या बादलीत, पट्ट्यांच्या आणि बाटल्यांच्या कचऱ्यात टाकली. चिठ्ठी पंचाच्या हातात गेली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो जाळ्याजवळ आपल्या जागेवर गेला, तर तिथे रादिम उभा.

"तू इथे कसा?"

"कसा म्हणजे? योर्ननं फिरवलंय ना सगळ्यांना. दोन घरं. तू टॉसला होतास तेव्हा. कप्तान, तू मागे."

फाल्कोनं वळून बादलीकडे पाहिलं.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तोवर पंच चिठ्ठी घेऊन आत आली होती. "बारा नंबर, मागे. तीन नंबर, इकडे." एकेकाला हलवत तिनं सहाही जणांना जुन्या जागी नेऊन उभं केलं. योर्न दोन्ही हात डोक्यावर मारून किंचाळला, "दोन घरं! दोन घरं म्हणालो होतो मी! त्यांचा डावखुरा पहिल्यापासून समोर येणार म्हणून तर फिरवलं!" आणि मग त्यानं एगबर्टकडे बघितलं. नुसतंच बघितलं.

डावखुऱ्यानं पहिले पाच गुण एकट्यानं घेतले, फाल्कोच्या हातांवरून, ठोकून ठोकून. पाचव्या सेटला एकूण गुण लागतात पंधरा, त्यात पाच असे गेले. मग रादिम पुढे आला तेव्हा वाइसबाख अकरा-बारापर्यंत भिडलं, पोरं जीव तोडून खेळली. पण सेट गेला, बारा-पंधरा. गट गेला. ढोल थांबले आणि लोक कोट चढवू लागले.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे नुसते बसून होते. बुटांचे बंदसुद्धा कुणी सोडले नव्हते. योर्न आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो ओरडला नाही. एगबर्टसमोर जाऊन त्यानं हात पुढे केला आणि एगबर्टनं वही त्याच्या हातात ठेवली.

"चिठ्ठी मी लिहिली," फाल्को उभा राहिला. "त्यानं बरोबर लिहिली होती. मला चुकीची वाटली. मी बदलली."

कुणी मान वर केली नाही.

"ऐकताय ना? माझी चूक आहे!"

"कप्तान," रादिम दमलेल्या आवाजात म्हणाला, "आता तरी पुरे कर."

"ऑक्टोबरमध्ये तुझी चूक, डिसेंबरात तुझी चूक," योर्न म्हणाला. "आजही तुझीच. सही कुणाची होती खाली?"

"सही मी करून घेतली! आकडे बघा ना, माझ्या हातचे आहेत!"

"सहा आकड्यांवरून काय कळणार? आणि कागद पंचांच्या पेटीत गेला." योर्ननं डोळे चोळले. "फाल्को, तू भला माणूस आहेस. पण आज नको. आज माझ्याच्यानं ऐकवत नाही."

फाल्को धावत बाहेर गेला. बाक हलवलेले होते, बादली रिकामी. मागच्या दाराला कचऱ्याच्या सात-आठ काळ्या पिशव्या रचलेल्या. त्यानं पहिली फाडली, दुसरी फाडली. ओले पेले, सॉसेजचे कागद, सांडलेली बिअर. घामेजल्या जर्सीवर, थंडीत, गुडघे टेकून तो उपसत राहिला. कागदाचे बोळे शेकड्यानं होते, पण एकावरही सहा चौकोन नव्हते. चौथ्या पिशवीला हात घातला तेव्हा मागून एगबर्टचा आवाज आला.

"ऊठ. आजारी पडशील."

"तू बरोबर लिहिली होतीस," फाल्को म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "देवाशपथ. दोन घरं फिरवून. योर्ननं सांगितली तश्शी. तू म्हणतही होतास, मीच ऐकलं नाही."

"खरंच?"

"खरंच, एगबर्ट."

क्षणभर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. आठवायचा प्रयत्न करत तो पिशव्यांकडे बघत राहिला, ओठ हलत होते, जणू आकडे मोजतोय. मग ते सगळं विझलं. त्यानं वाकून फाल्कोच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.

"छान बोलतोस रे खोटं," तो मायेनं म्हणाला. "ऑक्टोबरमध्ये तुला अजिबात जमत नव्हतं."

"एगबर्ट, ऐक…"

"चल आत. पोरं निघायच्या आत मला बोलायचंय."

आणि आत जाऊन, दारापासून सुरुवात करून, एगबर्ट क्लिंगर एकेकासमोर उभा राहिला. प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणाला, माझ्यामुळे गेलं, माफ कर. रादिमची मागितली, रादिम खाली बघत राहिला. योर्नची मागितली, योर्न त्याला मिठी मारून रडला. अकरा खेळाडू आणि योर्न झाल्यावर तो शेवटच्यासमोर आला. फाल्कोचे हात कचऱ्यानं चिकट झाले होते, ते त्यानं पाठीमागे धरले होते. एगबर्टनं ते सोडवून आपल्या हातात घेतले आणि त्याचीही माफी मागितली.