बिनचष्म्याची तपासणी

बालगृहाच्या अधीक्षक बाईंनी बारा वर्षं मुलींची पत्रं वाचली, तीही अगदी मनापासून. कुणाच्या काकूचे गुडघे, कुणाच्या भावाचं जमत आलेलं लग्न, सगळं त्यांना तोंडपाठ. पत्र हातात देतानाच त्या सांगून टाकत, "आजी बरी आहे गं, काळजी करू नकोस." मुलींना ते वाचायची गरजच उरत नसे.

मग वरून नवा नियम आला. पाकीट मुलीसमोरच उघडायचं, आत ब्लेड, काडेपेटी, गोळ्या नाहीत ना एवढंच बघायचं. मजकूर वाचायचा नाही. बाईंच्या हे फार जिव्हारी लागलं. पण नियम म्हणजे नियम. स्वतःच्या नजरेचा भरवसा नाही, म्हणून तपासणीआधी त्या चष्माच काढून ठेवू लागल्या. चष्म्याशिवाय त्यांना भिंतीवरचं घड्याळही दिसत नसे. त्या कागद झटकत, चाचपत, हुंगत आणि समोरच्या मुलीलाच विचारत, "काही पडलं का गं?"

शनिवारी 'वकील'चं पत्र आलं. ही पंधरा वर्षांची पोर. नियमांची कलमं फाडफाड म्हणायची म्हणून तिला हे नाव पडलेलं. परीक्षा झाली की तुला घरी नेते, असं तिची मावशी म्हणाली होती आणि मग गप्पच झाली होती. परीक्षा होऊन तीन महिने उलटले होते. बाईंनी पत्र झटकून पुढे केलं, पण पोरीनं हात लावला नाही.

"तुम्हीच वाचा, बाई. नाही म्हटलं असेल तर मला नाही बघायचं."

"नियमात बसत नाही."

"मुलीनं स्वतः सांगितलं तर बसतं. कलम नऊ."

"मग लेखी दे."

तिनं उभ्याउभ्या अर्ज खरडला. बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. चष्मा चढवून त्यांनी घसा साफ केला.

"'बाळ, हे माझं चौथं पत्र. माझ्याकडे येतेस ना, एवढंच आधीच्या तिन्हींत विचारलं होतं. तू उत्तर देत नाहीस, म्हणजे रागावली असशील...'"

बाई थांबल्या. ती तिन्ही पत्रं त्यांच्याच कपाटात होती. नवा नियम यायच्या आधी, परीक्षेच्या तोंडावर पोरीचं लक्ष उडायला नको म्हणून त्यांनीच बाजूला ठेवली होती आणि नंतर साफ विसरल्या होत्या. पोस्टाच्या गलथानपणावर ढकलावं, असं जिभेवर आलंसुद्धा.

"माझ्याकडे आहेत ती," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

वकीलनं अर्जाचा कागद पुन्हा पुढे ओढला. "त्यांच्यासाठी वेगळा अर्ज लागेल का?"

"नाही गं." बाईंनी कपाट उघडून तिन्ही पत्रं तिला दिली. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. "आधी मावशीला लिही, येते म्हणून."

तिनं तिथंच चार ओळी लिहिल्या. बाहेर जाणारं पत्र आजवर उघडंच बाईंच्या टेबलावर यायचं. बाईंनी मान वळवली. "चिकटव आणि दे. आजच टाकते."

तिनं पाकीट चिकटवलं, पण दिलं नाही.

"मीच टाकते, बाई."

बाईंनी फाटकाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.