नमुना सही

सकाळी बायकोने त्याच्या शर्टाची बटणं लावली, मग टायची गाठ बसवली. गेले काही महिने हे काम तिचंच होतं, आणि घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"आज ताळेबंदावर सही ना?"

"हं."

"बोर्डाला सांगून टाका एकदाचं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"सहीच आली नाही, तर मी कोण उरतो?"

"नमुना!" ती म्हणाली. दोघंही हसली, त्याचा उजवा हात मात्र हसण्याच्या आधीपासूनच थरथरत होता.

बँकेचा मुख्य कार्यकारी अधिकारी होण्यापूर्वी, फार पूर्वी, तो खिडकीमागचा कारकून होता. चेकवरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी ताडून पाहायची, एवढंच काम. एखादी वेलांटी किंचित कलली तरी त्याच्या नजरेला बोचायची. त्या नजरेच्याच जोरावर तो चढत गेला: शाखा, विभाग, आणि शेवटी काचेच्या इमारतीचा सर्वांत वरचा मजला, जिथे पक्षीसुद्धा आवाज न करता काचेवर आपटतात.

कारकुनीच्या त्या खिडकीपाशी एकदा त्याचे वडील उभे राहिले होते, कंपवाताने वाकलेले. त्यांची सही कागदभर सांडली होती.

"सही जुळत नाही, बाबा." त्याने चेक परत सरकवला.

"अरे गाढवा, सही राहू दे बाजूला. बाप जुळतो का ते बघ!"

मागची रांग खदखदून हसली. तो हसला नाही. संध्याकाळी मॅनेजरने त्याची पाठ थोपटली.

बोर्डाच्या खोलीत पाण्याचे ग्लास झाकून ठेवले होते. शेजारी कंपनी सेक्रेटरी उभी होती. तिला त्यानेच घडवलं होतं, आणि पहिला धडा हाच दिला होता: माणसाकडे पाहायचं नाही, सहीकडे पाहायचं. त्याच्या पेनची निब कागदावर टेकली, क्षणभर स्थिर राहिली, आणि मग पहिलंच अक्षर फुटलं. रेघ वाऱ्यात सापडलेल्या दोऱ्यासारखी भरकटत गेली.

"काय साहेब, जागरण झालं वाटतं?" अध्यक्ष म्हणाले. कुणीतरी हसलं.

"पेन बरं नाही."

दुसरं पेन आलं, दुसरी प्रत आली. दोरा तसाच भरकटला. आता कुणी हसलं नाही. सेक्रेटरी वाकली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र चोख होता. तो आवाज त्यानेच तिला दिला होता.

"सर, जुळत नाही."

अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुम्ही आता विश्रांती घ्या. पुढचं आम्ही बघतो." पुढचं म्हणजे काय, हे विचारायची त्याला गरज नव्हती. अशा विश्रांतीला त्याने स्वतः किती जणांना पाठवलं होतं.

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो असा भर उन्हात घरी आला. आपल्या दारावर दुपारी कुठली सावली पडते, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"अहो! इतक्या लवकर?"

तो उंबऱ्यावरच थांबला.

"मी जुळतो का गं?"

तिने मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. काहीतरी थट्टा ओठांपर्यंत आली असावी. पण थट्टा तिथूनच परत फिरली.

"रोज बटणंच पाहत आले मी," ती हळूच म्हणाली. "ताडून बघायला माझ्याकडे नमुना कुठंय?"

आणि खाली मान घालून ती त्याच्या टायची गाठ सोडू लागली.