मृताने बोलू नये

मदतसंस्थेचे संचालक सकाळीच वारले. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण ते स्वतःही तसंच धरून चालले होते.

सिस्टरने त्यांच्या मनगटाला मृतांची काळी पट्टी बांधली आणि गाठ जरा जास्तच आवळली.

"हे काय?"

"तुम्ही गेलात, सर. अणुभट्टी फुटली तेव्हा तुम्ही कुंपणापाशी फोटो काढून घेत होता."

"अहो, तालीम आहे ही!"

"मृताने बोलू नये. नियम तुमचाच आहे."

मैदानावर अंग धुण्याचा तंबू उभा होता. किरणोत्सर्गी धूळ म्हणून सगळ्यांवर खडूची भुकटी उडवली होती. धूळ खोटी, पाणी खरं. रांगेत वृद्धाश्रमातली माणसं कुडकुडत होती. मागच्या हिवाळ्यात याच रांगेत सिस्टरची आई होती. जखमीचं काम मिळालं म्हणून हौसेनं केस विंचरून आलेली. गार पाण्याखाली तिला भिजवलं, न्यूमोनिया झाला, आणि ती गेली. संचालकांनी अहवालात लिहिलं, 'जीवितहानी नाही.' पाणी तापवायचा बंब यंदाही त्यांच्याच कचेरीत होता, पाहुण्यांना हात धुण्यासाठी.

"बंब आणा," सिस्टर स्वयंसेवकांना म्हणाली.

ते संचालकांकडे बघू लागले.

"त्यांना काय विचारता? ते वारलेत."

बंब आला. वाफ बघून रांगेतल्या एक आजी खुलल्या.

"बाई गं, असं असेल तर मी रोज स्फोटाला येईन!"

सगळ्यांचं झाल्यावर सिस्टरने संचालकांना तंबूत घेतलं.

"गरम आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"मृताला काय फरक पडतो?"

तिने गार पाण्याचा नळ सोडला. त्यांचे ओठ निळे पडेपर्यंत सोडून ठेवला. आईचे असेच पडले होते. मग तिने टॉवेल त्यांच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर, नीट घडी करून ठेवला.

तालीम अजून संपलेली नाही. ती संपवण्याचा आणि पट्टी बदलण्याचा अधिकार नियमाप्रमाणे एकट्या संचालकांना आहे. मृताने बोलू नये, पण लिहू नये असं कुठे म्हटलेलं नाही. त्यांनी अर्ज लिहिला. सिस्टरने पोच दिली.

'प्रति, मा. संचालक. महोदय, अर्जदारास जिवंत समजण्यात यावे व टॉवेल देण्यात यावा, ही नम्र विनंती.'