शालिकरामची तोंडी परीक्षा

बाहेरून आलेल्या परीक्षकांना सर्दी झाली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोच रुमालाआडून, आणि शालिकरामला दिसला तो फक्त निळ्या काठाचा रुमाल.

तो खुर्चीत पुढे सरकला. परीक्षकांशेजारी बसलेल्या, त्याला शिकवणाऱ्या देशकर सरांकडे त्याने आशेने पाहिलं, पण सर टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करत होते. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. प्रश्न पुन्हा विचारला गेला असावा. शेवटी शालिकरामने अंदाजाने उत्तर ठोकून दिलं.

"नियोजन, संघटन, निर्देशन आणि नियंत्रण, सर!"

आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा चपराशी डोकावून गेला. परीक्षकांनी दचकून रुमाल खाली घेतला.

"अहो, मी तुमचं नाव विचारलं," ते म्हणाले. रुमाल खाली होता म्हणून तेवढं शालिकरामला समजलं. मग शिंक आली आणि रुमाल पुन्हा नाकातोंडावर गेला.

शालिकराम रामटेके मिसरूड फुटल्यापासून मिलमध्ये माग चालवत होता. विणकाम खात्यात सगळे माग एकदम धडधडू लागले की कानात तोंड घालून ओरडलं तरी उपयोग नसे. म्हणून विणकर ओठांनी बोलत. आवाज न काढता, एकेक अक्षर ओठांवर ठसठशीत उमटवत, ते चार मागांपलीकडच्या माणसाशी घरच्या गोष्टी करत. तिथे सोयरिकी जमल्या, भांडणं झाली, मुकादमाला त्याच्या देखत शिव्या घालून झाल्या. आणि त्या धडधडाटात एकेकाचे कान विझत गेले. कोणाचे किती गेले याचा पत्ता कोणाला लागत नसे, कारण तिथे कानांची गरजच काय! शालिकरामचे जवळजवळ गेलेच होते. ते ठाऊक होतं फक्त गोपिकाला, त्याच्या बायकोला. बाकी सगळी झाकली मूठ.

आता असा माणूस तिशी उलटल्यावर सायंकालीन कॉलेजात व्यवसाय प्रशासनाची पदवी घ्यायला का गेला, हे विचाराल तर त्याचं कारण एक खिडकी होती. मिलच्या लेबर ऑफिसची. त्याची आई तुळसाबाई त्याच मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. यंत्रात तिची बोटं चिरडली तेव्हा ती त्या खिडकीपुढे उभी राहिली होती, आणि आतल्या बाबूने मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. "उद्या ये" म्हणाला. ती उद्या गेली, परवा गेली, मग जाणं सोडलं. तेव्हापासून शालिकरामच्या मनाने घेतलं होतं की त्या खिडकीच्या आत आपण बसायचं, आणि येईल त्याचं ऐकायचं. पुढे आई वारली, पण खिडकी काही मनातून गेली नाही. पदवीधर कामगाराला लेबर ऑफिसात घेऊ अशी नोटीस मिलने लावली, आणि हा पठ्ठ्या त्या नोटिशीखाली नाव लिहून आला नि कॉलेजातही नाव घालून आला.

कॉलेजात तो पहिल्या बाकावर बसे. मागे निम्म्या वयाची पोरं "काका, जरा मान खाली करा" म्हणून खिदळत, ते त्याला ऐकू येत नसे. तेही बरंच होतं. देशकर सरांची एक सवय त्याला फार सोयीची पडे. सर आधी मुकाट्याने फळ्यावर लिहीत, हात झटकत, मग वर्गाकडे तोंड करत आणि तेव्हाच बोलत. पोरं सरांच्या त्या लकबीची नक्कल करत. शालिकराम मात्र एकेक शब्द टिपून घेई, आणि घरी इंदोरा वस्तीत गोपिकासमोर बसून पाठ म्हणे. तिला त्यातलं अक्षर कळत नसे, पण तो फार मोठ्याने बोलू लागला की ती हात खाली करून खूण करी.

आज सकाळी डबा भरताना ती समोर येऊन, तोंड दाखवून म्हणाली होती, "सांगून टाका न देशकर सरले."

"काय सांगू वं? बहिरा आहो म्हनून? मंग त्या खिडकीवर कोन बसवते मले?"

"आन् सायबानं तोंडच नाही दाखवलं तं?"

"दाखवते. मास्तर लोकं तोंड दाखवल्याबिगर राहते काय?"

आणि आता समोर रुमाल होता.

परीक्षकांनी आपल्यापुढचे कागद मिटायला घेतले. शालिकरामला कळलं की आता गप्प राहिलो तर एवढ्या वर्षांचं पाणी होणार. जे मिलमध्ये सख्ख्या मित्राला सांगितलं नव्हतं ते परक्या माणसाला सांगताना त्याला भर दुपारी उघडं पडल्यागत झालं.

"सर, मले ऐकू येत नाही. तोंड दिसलं तं समजते. रुमाल जरा बाजूले घ्या."

परीक्षकांनी रुमाल खिशात घातला, खुर्ची पुढे ओढली आणि नाक ओढत ओढत प्रश्न विचारू लागले. माणूस वाईट नव्हता. शालिकरामने उत्तरं दिली. एक चुकलं, बाकीची नीट आली. शेवटी त्यांनी विचारलं, "पदवी घेऊन काय करणार?" त्याने खिडकीचं सांगितलं. आईचं नाही सांगितलं.

"बरं. बाहेर थांबा जरा."

तो बाहेर आला. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. चोरून बघायचा त्याचा मुळीच विचार नव्हता, पण विणकराचे डोळे ते; समोर ओठ हलले की ते आपोआप वाचू लागतात.

"पेपर चांगले लिहिलेत. पास करूच," परीक्षक म्हणत होते. "पण तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून," देशकर सर म्हणाले.

म्हणजे ते मुकाट्याने लिहिणं, हात झटकणं, वळणं, ती सरांची लकब नव्हतीच. पोरं ज्याला हसत होती ते सर त्याच्यासाठी करत होते.

"मग तेव्हाच सांगायचं होतंत की त्याला," परीक्षक म्हणाले. "गाऱ्हाणी ऐकायच्या जागेवर असा माणूस बसणार कसा? मीही कारखान्यातच आहे. लोक काही ओठ दाखवून रडत नाहीत."

शालिकराम सरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. सर आता काहीतरी बोलतील, तीन वर्षं ज्यांनी त्याच्यासाठी बोलताना कधी पाठ वळवली नाही ते आता तरी बोलतील. पण सरांचे ओठ हलले नाहीत.

त्याने काचेकडे पाठ केली. सरांचा राग येईना, परीक्षकांचाही येईना, याचंच त्याला फार वाईट वाटलं. कारण त्याला आई आठवत होती. त्या खिडकीपुढे उभी राहिली तेव्हा तुळसाबाईने पदर तोंडात धरला होता, मान छातीशी लावली होती. बायामाणसं साहेबापुढे अशीच बोलत. तो आत बसलेला असता तरी आईचा एक शब्द त्याला कळला नसता. त्यानेही तिला उद्या ये म्हणूनच पाठवलं असतं.

घरी गेल्यावर गोपिकाला त्याने सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. मग समोर आली आणि म्हणाली, "डिग्री तं भेटली न? कोनाच्या बापाले भेटली इंदोऱ्यात?" तिचे डोळे मात्र भरले होते.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी तो लेबर ऑफिसात जाऊन नोटिशीखालचं आपलं नाव काढून आला. का ते बाबूने विचारलं नाही.

खात्यात माग धडधडत होते. पलीकडच्या मागावरून नत्थूने ओठांनी विचारलं, "काय झालं गा?" हा नत्थू परीक्षेच्या दिवसांत आपले माग सांभाळून शालिकरामचेही सांभाळत आला होता.

"पास झालो," शालिकराम ओठांनी म्हणाला.

नत्थूने दोन्ही हात वर केले. पुढच्या मागावर त्याने ते सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. त्या गदारोळात कुठलाही आवाज न होता ती बातमी रांगेरांगेने खात्याच्या टोकापर्यंत गेली. सगळ्यांच्या ओठांवर त्याचं नाव होतं. एक म्हातारा विणकर तर डोळे पुसत होता. आपल्यातला माणूस आत चालला, म्हणत होता.

"मंग खिडकीवर कधी बसतं?" नत्थूने विचारलं. हसत, सगळ्यांच्या वतीने. आसपासच्या मागांवरची माणसंही उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

शालिकरामच्या मागावरची सुताची कांडी संपत आली होती. अजून सूत शिल्लक होतं, पण त्याने माग थांबवला, नवी कांडी आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवली आणि धोट्याला तोंड लावून, ओठ कोणाला दिसणार नाहीत अशी मान खाली घालून, त्याच्या भोकातून श्वासाने सूत ओढू लागला.