नेलपॉलिशचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, मोटारीतला. पुढे मिरवतो तो स्टिरिओ. दिवे त्याला, काच त्याला, कौतुकही त्याचंच. मी मागच्या सीटखाली, चिखलाच्या बुटांच्या शेजारी. तक्रार नाही म्हणा. स्टिरिओ जे पुटपुटतो ते मोठं करून स्पीकरना सांगायचं, हे काम मी इमानेइतबारे केलं.

मला तिथे बसवलं दोन भावांतल्या थोरल्याने. तो गाड्यांचं वायरिंग करायचा आणि ती गाडी त्याची स्वतःची होती. माझ्या अंगावर एक छोटा स्क्रू आहे, त्याला गेन म्हणतात. लोक त्याला आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत पिळतात. कपाळ माझं! स्टिरिओकडून किती व्होल्ट येतात, त्याच्याशी माझा मेळ घालायला तो स्क्रू असतो. स्टिरिओ दुबळा असेल तर गेन वाढवायचा, जोरकस असेल तर उतरवायचा. थोरला स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत नेई, त्यावर चाचणीची एकसुरी शिट्टी वाजवी, व्होल्ट मोजायचा मीटर लावी आणि आवाज फाटायच्या जरा अलीकडे स्क्रू थांबवी. मग गाडीच्या हादऱ्यांनी तो हलू नये म्हणून वर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका.

"अहो, अर्धी बाटली तुमच्या या डब्यांनाच लागते," ती कुरकुरायची.

"लागू दे. तुझी नखं आणि माझं काम एका रंगात दिसतं," तो म्हणायचा.

संध्याकाळी दोघं गाडीत बसत. एक संथ गाणं ठरलेलं होतं. त्यात कडवं उचलण्याआधी गाणारी श्वास घेते, तो श्वाससुद्धा मी ऐकवत असे. तो आला की थोरला बोलता बोलता थांबायचा. मधे एकदा त्याने स्टिरिओ बदलला, तेव्हा पहिलं काम केलं ते नखाने तो ठिपका खरवडण्याचं. पुन्हा मीटर, पुन्हा स्क्रू, पुन्हा नवा ठिपका. धाकटा भाऊ तेव्हा नोकरीसाठी परगावी होता. त्याने हे पाहिलंच नाही.

पुढे थोरला छातीच्या दुखण्याने तडकाफडकी गेला. गाडी धाकट्याकडे आली. वहिनींनी त्यानंतर गाडीत पाऊल टाकलं नाही. धाकट्याच्या मनाने एकच घेतलं होतं: दादाने बसवलेला आवाज एकदा तरी वहिनींना ऐकवायचा. पण तेवढ्यात जुना स्टिरिओ बंद पडला. त्याने नवा, चांगला दणकट आणला. जुन्याच्या दुप्पट व्होल्ट देणारा.

दुकानातला मेकॅनिक सीटखाली वाकून म्हणाला, "याचा गेन उतरवायला लागेल, साहेब. नाहीतर स्पीकर जळतील."

"त्याला हात नाही लावायचा," धाकटा म्हणाला. "तो रंग माझ्या दादाने लावलाय."

"अहो, पण तो जुन्या स्टिरिओसाठी..."

"राहू दे म्हटलं ना."

मेकॅनिकने नवा स्टिरिओ तसाच जोडून दिला. गिऱ्हाइकाशी कोण हुज्जत घालणार? माझा मात्र जीव टांगणीला लागला.

त्या रविवारी कसंबसं मन वळवून धाकट्याने वहिनींना पुढच्या सीटवर बसवलं. तेच गाणं लावलं. दादाने फोनवर सांगितलं होतं तसा आवाज बरोबर पाऊण भागापर्यंत नेला. माझ्यावर व्होल्टचा लोंढा आला. मला पेलवेना, मी फाटकं तेच मोठं करून पुढे ढकलत राहिलो. गाणारी किंचाळत होती. श्वासाच्या जागी नुसती खरखर. वहिनी दाराला घट्ट धरून बसल्या होत्या.

"भाऊजी, बंद करा," त्या म्हणाल्या. "असंच वाजायचं का हे? की मलाच चांगलं वाटायचं?"

आवाज कमी पडतोय, असं धाकट्याला वाटलं. त्याने घाईघाईने आवाज आणखी वाढवून पाहिला, आणि जळका वास आला. थोरल्याने हौसेने निवडलेले स्पीकर गेले. वहिनी उतरून पायी घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी ते गाणं घरीसुद्धा लावू दिलं नाही.

मित्रांनो, कुणाची आठवण जपायची असेल, तर त्याने करून ठेवलेलं तसंच ठेवण्याआधी, तो ते कसं करायचा हे शिकून घ्या. थोरला असता तर त्याने सगळ्यात आधी तो ठिपकाच खरवडला असता. पण हे धाकट्याला कोण सांगणार? दोष माझ्यावर आला. मला काढून, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

मी अजून धडधाकट आहे. कधीमधी धाकटा कपाट उघडतो, माझ्यावरची धूळ पुसतो, आणि हलक्या हाताने दार लावून घेतो.